हरायचं ठरवून थापलेली भाकरी

मला राग लवकर येतो. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, तिथं थंड डोक्याच्या माणसाला लोक दारातच तुडवून पुढे जातात. रिटायर होऊन अहमदपुरात घरी बसलो तरी आवाज काही खाली आला नाही. पण जाहिरात बघून राग यावा, असं मात्र आयुष्यात एकदाच झालं.

जाहिरात लेकीनं पाठवली होती, नांदेडहून, घरच्या ग्रुपवर. ज्वारीच्या पिठाची जाहिरात. हो, आता ज्वारीचं पीठही पिशवीत बांधून विकतात. ज्वारीच्या मुलखात ज्वारीचं पीठ विकायला यायचं म्हणजे कंपनीच्या छातीला दाद द्यायला पाहिजे. तर त्या जाहिरातीत इस्त्रीचा कुर्ता घातलेला एक गडी. बायको ऑफिसातून दमून येते, आणि हा गडी तिला बसवून स्वतः भाकरी थापतो. एक भाकरी. एकच. लगेच म्हातारी आई डोळे पुसते, बायको डोळे पुसते, मागं कुणीतरी बासरी वाजवून राहिलंय. शेवटी मोठ्या अक्षरांत, ‘भाकरी थापा, भेद मिटवा.’ आणि खाली पिठाची पिशवी.

ग्रुपवर धो धो अश्रू वाहायला लागले. रेणापूरच्या माझ्या मेव्हणीनं रडकी तोंडं पाठवली, आठ-दहा. खाली लिहिलं, “असा नवरा सगळ्यांला मिळो.” लेकीनं लिहिलं, “पप्पा, बघा, शिका काहीतरी!”

मी मोबाइल बाजेवर आपटला. “अगं, त्यानं भाकरीला पाणीच लावलं नाही! तव्यावर टाकली न् तशीच उलटली! आणि हाताला पिठाचा कण बी न्हाई! हा कसला थापतोय भाकरी?”

“हळू बोला,” बायको म्हणाली. “भिंतीपल्याड ऐकू जाईल.”

भिंतीपल्याड जाऊ नये असं काय होतं, ते आता सांगायला हरकत नाही.

माझी बायको म्हणजे भाकरीतली नामांकित बाई. इस्लापूरला मुक्कामी गाडी घेऊन गेलो की ड्रायव्हर स्टेअरिंग सोडायच्या आधी माझ्या डब्याला हात घालायचा. तिची भाकरी सकाळची संध्याकाळी खाल्ली तरी मऊ. लग्नाकार्यात तिला मुद्दाम गाडी पाठवून न्यायचे, आणि ती गेली की बाकीच्या बाया आपापल्या परातीवरून उठायच्या. तिला शाळा फारशी मिळाली नाही, दागिने मी फारसे केले नाहीत. तिचं जे काही नाव होतं ते त्या दोन हातांवर होतं.

चार वर्षांमागं ती ओल्या पायरीवरून पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, लोकांनी हात बरा झाला असं धरलं, पण मूठ पुरती वळेना आणि पंजा पुरता उघडेना. दवाखान्यात ती एकदाही रडली नाही. घरी येऊन परातीपुढं बसली, पिठाचा उंडा हातात घेतला, तो थापता थापता कडेनं फाटला, आणि मग जी रडली! मी बसलो परातीपुढं. म्हणालो, “सांग, कसं करायचं ते.”

ती स्टुलावर बसून सांगायची आणि मी करायचो. मास्तरीण म्हणून लई कडक बाई. “हाताला पाणी लावा. तळव्यानं, बोटानं न्हाई. फिरवा. फिरवा की! भाकरी फिरली पाहिजे, तुमी कशाला फिरून राहिलात?” पहिला महिना आम्ही भाकरीचे तुकडे दुधात कालवून खाल्ले. तिसऱ्या महिन्यात एक भाकरी टम्म फुगली आणि मी डेपोत ऐकू जाईल एवढ्यानं ओरडलो. तिनं माझ्या तोंडावर पिठाचा हात ठेवला.

कारण तिनं मला शपथ घातली होती. कुणाला सांगायचं नाही. शेजाऱ्यांना नाही, बहिणीला नाही, लेकीलासुद्धा नाही. मला वाटलं, गड्यानं भाकऱ्या थापायच्या म्हणजे माझी लाज वाटत असेल तिला. तसं नव्हतं. “लोकायला कळलं की माझा हात गेला,” ती म्हणाली, “तर मी कोण ऱ्हायले मग?”

घेतली शपथ.

पण शपथ पाळणं म्हणजे रोजची कसरत. भाकरी थापायचा आवाज होतो, आणि आमच्या गल्लीत तो चार घरं जातो. आता आतून थापायचा आवाज येतोय आणि घरची बाई बाहेर ओट्यावर बसलीय, हे चालणार कसं? म्हणून ऐन संध्याकाळी, जेव्हा गल्लीतल्या सगळ्या बाया ओट्यावर बसून दिवसभराचं काढतात, तेव्हा ही आत दार लोटून स्टुलावर. चार साल तिनं संध्याकाळचा ओटा सोडला. बाया म्हणायच्या, लई कामाची बाई, कधी बसताना दिसत न्हाई.

लेक नांदेडहून आली की स्वयंपाकाचा ताबा घ्यायची आणि चपात्या लाटायची, त्यामुळं तिच्यापुढं निभावलं. लग्नाकार्याची गाडी आली की बायको कंबरदुखी सांगून परत पाठवायची. मेव्हणी येणार असली की मी भल्या सकाळी भाकऱ्या करून दुरडीत झाकून ठेवायचो. ती जेवायला बसली की हमखास म्हणायची, “आक्का, तुझ्या हाताची भाकरी खाल्ली की माय आठवती.” बायको माझ्याकडं बघायची, मी ताटाकडं बघायचो. स्वतःची तारीफ मान खाली घालून ऐकायची म्हणजे काय, ते मला विचारा.

तर अशा माणसाला ती जाहिरात दाखवली. राग येणार नाही तर काय होईल? एक भाकरी, तीही कच्ची, आणि बासरी!

आग कमी होती म्हणून की काय, महिन्याभरात त्याच कंपनीनं लातूरला स्पर्धा लावली. गड्यांनी भाकरी थापायची. पहिलं बक्षीस घरगुती पिठाची गिरणी. लेकीनं मला न विचारता नाव देऊन टाकलं. फोनवर हसता हसता तिला श्वास पुरेना. “पप्पा, तुम्हाला परात कुठली अन् ताट कुठलं ते कळत नाही! लई मज्जा येईल. मी व्हिडिओ काढणार. मावशीला पण सांगितलंय.”

मी जाणार नाही म्हणालो. लेक रुसली. ती नांदेडहून मुद्दाम येणार होती, तिला हिरमुसलेली बघून बायको कशी ऐकेल? ती म्हणाली, “जाऊत. पण हरून यायचं.”

“म्हंजे?”

“भाकरी मोडायची. लोकायला हसू द्यायचं. चांगली केलात तर कोण बी इचारंल, कुठं शिकलात, कामून शिकलात.” तिनं उजवा हात पदराखाली घेतला. “मला वचन द्या.”

आता बघा, चार वर्षांत मला जे एक काम आलं, ते येत नाही असं भर सभेत दाखवायचं. आणि रागीट माणसानं. तरी दिलं वचन.

लातूरला एक मंगल कार्यालय घेतलं होतं. दुपारची वेळ, बाया खचाखच. स्टेजवर त्या कुर्तेवाल्या गड्याचं छताला टेकेल एवढं मोठं चित्र, हातात भाकरी, आणि भाकरी अशी गोल की वाटीनं कापल्यासारखी. पुढच्या रांगेतल्या बायांनी त्याची खेचायला सुरुवात केली होती.

“त्याच्या बाह्या बघ की. वर बी केल्या न्हाईत.”

“तो थापतोय कुठं? तो भाकरीला गोंजारून राहिलाय.”

“माझ्या घरी पाठव म्हणावं एक दिवस. धा भाकऱ्या अन् वर ठेचा. बघू किती बासरी वाजवतोय.”

मला तिथंच निम्मं बक्षीस मिळाल्यासारखं झालं. रागावलेला मी एकटाच नव्हतो तर! त्या हसून राहिल्या होत्या एवढाच फरक.

दारात पिठाच्या छोट्या पिशव्या फुकट वाटत होते. बायांनी त्या तिथंच फोडल्या, पीठ चिमटीत चोळलं, वास घेतला. एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “जुनं हाय गं. विरी गेलीया याची.” पीठ लई दिवस पडून राहिलं की त्याची धरून ठेवायची ताकद जाते, तिला आमच्याकडं विरी म्हणतात. विरी गेली की भाकरी थापता थापता चिरते. हे त्या हॉलमधल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. फक्त स्टेजवरच्या आम्हा आठ गड्यांना ठाऊक नसणार, असं सगळ्यांनी धरलेलं होतं.

बायको, लेक आणि मेव्हणी दुसऱ्या रांगेत बसल्या. मी आठांत शेवटचा. प्रत्येकापुढं गॅस, तवा, परात, पीठ आणि गार पाण्याचा तांब्या. सूत्रसंचालन करायला कंपनीची एक पोरगी, पुण्याकडची, बोलायला गोड. शिट्टी वाजली.

मी पिठात हात घातला आणि तळव्यालाच कळलं, म्हातारी खरं बोलत होती. असल्या पिठाला गार पाण्यानं मळून काही होत नाही. त्याला आधण लागतं. उकळतं पाणी पिठावर घालून, झाकून, मग कोमट असतानाच मळायचं, म्हणजे गेलेली विरी उसनी येते. हे मला बायकोनं दुसऱ्याच आठवड्यात शिकवलं होतं. माझी मान आपोआप आधण मागायला वर झाली. तिकडं दुसऱ्या रांगेत बायकोनं हळूच मान हलवली. नाही.

मी गार पाण्याचा तांब्या अख्खा ओतला. परातीत आंबील झालं.

हॉल फुटला हसून. बाकीच्या सात जणांचीही गत काही वेगळी नव्हती. एकाची भाकरी परातीला चिकटून बसली, एकाची उचलता उचलता हातातच दुभंगली, एकानं तर कंटाळून पुरी एवढी केली आणि छाती फुगवून दाखवली. बाया एकमेकींच्या अंगावर पडून हसत होत्या. लेक हसता हसता मोबाइल सावरत होती. मी पण हसायचं नाटक केलं. पण हात ऐकेनात. आंबिलातही ते कोरडं पीठ ओढून गोळा करायला लागले. मी ते मागं घेतले आणि कपाळाला पीठ फासून विदूषकासारखा उभा राहिलो.

सूत्रसंचालन करणारी पोरगी माझ्याजवळ आली. तिचा काही दोष नाही, तिला तेच सांगून पाठवलं असणार. ती माइकमध्ये म्हणाली, “या काकांनी आयुष्यात स्वयंपाकघर पाहिलेलं दिसत नाही! घरी फक्त ताटावर बसायचं ठाऊक! काका, काकूंना जन्मभर राबवलंत ना? काकूंसाठी जोरदार टाळ्या!”

टाळ्या पडल्या. माझी मेव्हणीही टाळ्या वाजवत ओरडली, “खरंय! दाजींनी काडी इकडची तिकडं केली न्हाई कधी!”

कानशिलं तापली माझी. तीस वर्षांत गाडीत कुणी असं बोललं असतं तर मी डबल बेल देऊन त्याला माळरानावर उतरवला असता. पण वचन होतं. मी खाली बघून परात पुसत राहिलो.

“ओ बाई. थांबा जरा.”

आवाज ओळखीचा होता. वर बघितलं तर बायको उभी. मोठ्या सभेत ती कधी बोललेली मी ऐकलं नव्हतं. ती रांगेतून वाट काढत आली, स्टेजच्या पायऱ्या चढली, आणि त्या पोरीला म्हणाली, “माझ्या माणसाला हसू नका.”

“अहो काकू, गंमत हो...”

“गंमत माझ्यामुळं चाललीय. मीच त्यास्नी हरा म्हणलं.” तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. बोटं अर्धी मिटलेली, तशीच. “माझा हात गेलाय. चार साल झाले. चार साल आमच्या घरची भाकरी हे करतेत. दोन येळची. मी लाजंनं कुणाला सांगितलं न्हाई, अन् यास्नी बी सांगू दिलं न्हाई.”

लेकीचा मोबाइल खाली आला. तिचं तोंड मला अजून दिसतं. मेव्हणी मात्र तशाही वेळी गप्प बसणारी नव्हती. ती भांबावून मोठ्यानं म्हणाली, “म्हंजे दिवाळीला मी माय आठवून रडले ती दाजींच्या भाकरीवर?”

हॉल पुन्हा फुटला. पण या वेळचं हसू निराळं होतं, आणि त्यात बायकोही हसत होती, डोळ्यांतून पाणी काढत. मग माझ्याकडं वळली आणि नेहमीच्या आवाजात करवादली, “काय बघून राहिलात? आधण मागा की!”

मी असा ओरडलो म्हणता, “आधण!” डेपोत गाडी सोडतानाही कधी ओरडलो नसेन. माइकची गरज पडली नाही.

आधण आलं, नवं पीठ आलं. बायको माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. मी पिठावर उकळतं पाणी घातलं, झाकलं, दम धरला, मळलं. उंडा केला, परातीत पीठ भुरभुरलं आणि थापायला घेतली. गड्यांच्या ओळीत पहिल्यांदा तो खरा आवाज निघाला, थप थप थप, आणि बाया आपोआप त्या तालावर टाळ्या देऊ लागल्या. माझी भाकरी फिरत होती, मी नाही. तव्यावर टाकली, वर पाणी फिरवलं, उलटली, तवा सरकवून आचेवर धरली. फुगली. अशी फुगली की त्या चित्रातल्या गड्यानं बघून शिकावं. त्या म्हातारीनं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. खोटं नाही सांगत.

बाकीचे सात गडी म्हणायला लागले, काकू, आम्हाला पण आधण द्या. मग काय, स्पर्धा बाजूला राहिली आणि बायकोचा वर्ग भरला. ती खुर्चीवरून एकेकाला झापत होती. “तुमी, चष्मेवाले, बोटं वर. अन् तुमी, पुरीवाले, अजून थापा, चंद्रावर जायचं न्हाई तिला.” बाकड्यांवरून बाया तिला दुजोरा देत होत्या. कंपनीचा साहेब आधी खूश झाला, मग बाया एका सुरात “पीठ जुनं हाय, पीठ ताजं पाठवा” म्हणायला लागल्यावर जरा बारीक झाला.

गिरणी आम्हालाच मिळाली. कंपनीवाल्यांनी माझ्या अंगावर ‘आदर्श पती’ लिहिलेला पट्टा टाकला आणि कॅमेऱ्यापुढं उभा करून म्हणाले, “काका, एवढंच म्हणा, मी बायकोला मदत करतो.”

“मदत?” माझा राग आता मोकळा झाला होता. “मदत कशाची हो? भाकरी मी खात न्हाई का? मी काय तिच्यासाठीच थापतो? आणि पट्टा काढा हा. जन्मभर हिनं थापल्या, तेव्हा हिच्या गळ्यात कुणी पट्टा घातला होता?”

त्यांनी ते दाखवलं नाही, हे उघड आहे. पंधरा दिवसांनी त्यांचा व्हिडिओ आला, त्यात माझे हात, माझी फुगलेली भाकरी आणि तीच बासरी. बायको दिसली एवढीशी, डोळे पुसताना. म्हणजे पुन्हा रडणारी बाई आणि थापणारा गडी. मी मोबाइल आपटायला उचलला, पण लेकीनं फोन करून सांगितलं, “पप्पा, खालचं वाचा आधी.” त्या हॉलमधल्या बाया होत्या खाली, आणि त्यांच्या बहिणी, नणंदा, जावा. एकीमागून एक. “शिकवणारी बाई कुठं हाय?” “आधण कुणी मागितलं ते दाखवा.” “काकूचं बोलणं कापलं कामून?” “आधी पीठ ताजं करा, मग भेद मिटवा.” मी एकेक वाचून दाखवत होतो आणि बायको स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा म्हणत होती, “हाव? खरंच तसं लिवलंय? परत वाचा की.”

मी परत वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

मग दिवे लागायची वेळ झाली. मी परात घेतली, आधण ठेवलं. सवयीनं दार लोटायला उठलो तर बायको स्टुलावर नव्हती. बघतो तर ती पुढचं दार सताड उघडून बाहेर ओट्यावर गेलेली, चार बायांच्या मधोमध, पाय पसरून. चार वर्षांचं साठलेलं बोलणं एका दमात चाललं होतं. मी परातीपुढं बसून भाकरी थापायला घेतली, जरा दबकतच, चार सालांची खोड.

बाहेरून हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

“अहो, जरा जोरात थापा की! हितवर ऐकू येऊन न्हाई राहिलं!”

मी खिडकी उघडली आणि दुसरा उंडा घेतला.